जुन्या कॅमेऱ्याला न दिसलेली भेग

"नियम पहिला," वकील म्हणाली आणि वहीत रेघ ओढली. "दोन्ही कॅमेरे एकाच जागी उभे राहतील. नियम दुसरा, एकाच वेळी. नियम तिसरा, हरेल त्याने रडायचं नाही."

"तिसरा नियम गोग्यासाठी आहे," भिंगरी म्हणाली.

शेजारच्या या मुलीला अख्खी गल्ली वकील म्हणायची, कारण ती लपाछपीतसुद्धा साक्षीदार मागायची. भिंगरी एका जागी दोन मिनिटं ठरत नसे. आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारा तिचा मावसभाऊ गोगलगायीच्या चालीने चालायचा, म्हणून तो गोग्या. सुट्टी लागली होती, गच्ची रिकामी होती आणि कठड्यावर दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसले होते.

भिंगरीचा कोरा करकरीत, वाढदिवसाला मिळालेला. माणूस समोर आला की आपणहून त्याचा डोळा हुडकणारा, पडदा हवा तसा वळवता येणारा. गोग्याचा आठ वर्षांचा. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडालेला, फोकस धरायला श्वास घेणारा, पण डोळा लावून बघायची छोटी खिडकी असलेला. दोन्ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, दोन्ही शिकाऊ हातांसाठीचे. गोग्याच्या ताईने तो आपल्या पहिल्या नोकरीत घेतला होता, आणि लांबच्या शहरात जाताना त्याच्या हातात ठेवून म्हणाली होती, "हळू आहे रे, पण खोटं बोलत नाही."

चार विषय ठरले: मांजर, अंधारा जिना, शिंपीणकाकूंचे हात आणि गल्लीपलीकडची विटांची भिंत. भिंतीच्या विटा मोजून कॅमेऱ्याची नजर कळते, असं वकिलाच्या मामाने सांगितलं होतं. गच्चीवर उभ्या केलेल्या ट्रायपॉडच्या तीन पायांभोवती तिने खडूने तीन गोल काढले.

सोमवारी सकाळी दहाला गोग्याने भिंतीचा फोटो घेतला. भिंगरीच्या कॅमेऱ्याने मात्र मान टाकली. सकाळभर पडदा उलटा फिरवून तिने स्वतःचेच फोटो काढले होते आणि बॅटरी संपवली होती. वकील लगेच दुसऱ्या नियमावर बोट ठेवून उभी राहिली. भिंगरीने वही बाजूला सारली.

"मी शनिवारी काढते. तीच जागा, तीच दहाची वेळ. भिंत काय पळून जाणार आहे?"

वकिलाने कुरकुरत वहीत "शनिवार" लिहिलं.

बुधवारी तिघं काकूंच्या दुकानात गेली. तीच ती विटांची भिंत, फक्त आतून. काकूंचं जुनं बिडाचं शिलाई मशीन त्या भिंतीला चिकटूनच होतं. तीस वर्षं त्या तिथेच बसत आल्या होत्या. पायडलच्या तालावर त्या गुणगुणायच्या:

सुई गं बाई सुई, तुझ्या डोळ्यात माझा दोरा,
उसवलं ते शिवून दे, मग जा आपल्या घरा.

त्या दिवशी गाणं मध्येच थांबलं. दार घट्ट बसतंय म्हणून सुताराकडून दोनदा रंधा मारून घेतला, तरी पुन्हा अडकतंच, असं त्या कुरकुरल्या. कापडावर सारखी माती पडते म्हणून त्यांनी कापड झटकलं. भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत नव्या इमारतीसाठी खड्डा खणणारं यंत्र धडधडत होतं. मुलांनी हे सगळं ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांचं लक्ष हातांकडे होतं. भिंगरीचा कॅमेरा काही केल्या हात धरेना. तो पुन्हा पुन्हा काकूंच्या डोळ्यांकडे पळायचा. गोग्याने खिडकीला डोळा लावला, श्वास रोखला आणि एकच फोटो घेतला.

शनिवारी दहाला भिंगरीने खडूच्या गोलांत ट्रायपॉड उभा करून भिंत टिपली, आणि रविवारी तिच्या घरच्या संगणकावर निकाल लागला. मांजर नव्याची. जिना नव्याचा. हात मात्र जुन्याचे, हे भिंगरीनेही नाक मुरडत कबूल केलं. मग वकिलाने भिंतीचे दोन फोटो शेजारी मांडून मोठे केले. नव्या फोटोत भिंतीतल्या खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली एक बारीक काळी रेघ उतरत होती, कपाळावर आलेल्या केसासारखी. जुन्यात तिथे नुसत्या विटा.

"बघ," भिंगरी खुर्चीतच गिरकी घेत म्हणाली, "एवढी रेघ दिसली नाही याला. तुझ्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय गोग्या. त्याला आता काठी घेऊन दे."

वकील हसली, भिंगरी तर पोट धरून हसली. गोग्याही हसला थोडा. मग पट्टा हाताभोवती गुंडाळून, नेहमीपेक्षाही हळू जिना उतरून घरी गेला.

मंगळवारी सकाळी भिंगरी पुन्हा गच्चीवर गेली. तिला विजयी फोटो आणखी एकदा, आणखी झकास काढायचा होता. तेच गोल, तोच कॅमेरा, तीच दहाची वेळ. खाली येऊन तिने संगणकावर फोटो मोठा केला. केसाचा दोरा झाला होता. रेघ तीन विटा आणखी खाली आली होती.

ती वकिलाला ओढतच घेऊन आली. वकिलाने शनिवारचा आणि आजचा फोटो शेजारी मांडले. मग म्हणाली, "शनिवारचा नवा, आजचा नवा. कॅमेरा तर बदलला नाही. मग बदललं काय?"

गोग्याच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू नव्हता. सोमवारी भेग नव्हतीच. जे नव्हतं ते त्याने नव्हतं म्हणूनच दाखवलं होतं, आणि ती खुर्चीत गिरक्या घेत हसली होती. एक भिंत खाली येत होती, आणि त्या भिंतीला पाठ टेकून काकू शिवत होत्या.

दोघी गोग्याच्या घरी धावल्या. त्याचं ऐकून तर भिंगरीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. गोग्याचे बाबा कधीपासून म्हणत होते, ते जुनं खोकं दुकानात देऊन नवं आणू. तो दर वेळी नाही म्हणायचा. काल हो म्हणाला, आणि जुना दुकानात गेला; नवा अजून यायचा होता.

"मला वाटलं, तू म्हणतेस ते खरंच असेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आधी तिघं खड्ड्यावर गेली. ठेकेदाराने तंबाखू मळत तिन्ही फोटो पाहिले आणि जुन्या भिंतींना सुरकुत्या असतातच म्हणाला. वकिलाने तारखा दाखवल्या, सोमवारी भेग नाही, शनिवारी आहे. त्याने गोग्याच्या फोटोवर टिचकी मारली.

"हा कुठल्या कॅमेऱ्याचा? जुन्या? मग त्याला दिसणार कसं, बाळांनो? नव्याची नजर तेज, एवढाच फरक."

भिंगरीचेच शब्द तिच्या तोंडावर येऊन आदळले.

गोग्याच हळूच म्हणाला, "त्याच कॅमेऱ्याने आज परत काढला तर? आज त्याला दिसली, म्हणजे तेव्हा असती तर तेव्हाही दिसली असती."

ते कॅमेऱ्याच्या दुकानाकडे पळाले. गोगलगायसुद्धा पळाली. जुना कॅमेरा काचेच्या कपाटात होता, पण गळ्यात चिठ्ठी अडकलेली, एका गिऱ्हाइकासाठी राखलेला. तो माणूस संध्याकाळी न्यायला येणार होता. एका तासासाठी द्या, असं मुलांनी विनवलं. दुकानदार मान हलवू लागला. तेव्हा भिंगरीने गळ्यातला कोरा कॅमेरा काढून काचेवर ठेवला.

"हा ठेवून घ्या. आम्ही आलो नाही तर तुमचाच."

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाची किल्ली फिरवली.

गच्चीवर खडूचे गोल अजून होते. गोग्याने खिडकीला डोळा लावला. फोकसने नेहमीसारखा श्वास घेतला आणि भेग धरली. काळी, स्पष्ट, वीट न् वीट ओलांडत गेलेली. वकिलाने चारही फोटो तारीख-वार कागदावर छापून घेतले, गोग्या शब्दाप्रमाणे कॅमेरा परत देऊन भिंगरीचा घेऊन आला, आणि पालिकेत बांधकामं तपासणाऱ्या इंजिनियरबाईंना त्यांनी कचेरी सुटताना दारातच गाठलं. बाई पर्स खांद्याला लावत घाईत बघू लागल्या. चौथ्या फोटोपाशी त्यांनी पर्स खाली ठेवली.

"हे दोन एकाच कॅमेऱ्याचे? एकाच जागेवरून?"

"खडूचे गोल आहेत," वकील म्हणाली. "दाखवते."

अर्ध्या तासात खोदकाम थांबलं. भिंतीच्या पायाला लागून, आधार न देता खड्डा खणलेला पाहून बाईंनी ठेकेदाराला सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं की त्याची तंबाखू हातातच राहिली. इमारत रिकामी झाली. काकूंना हातात मावेल तेवढंच घ्यायला सांगितलं. त्यांनी आधी गिऱ्हाइकांचे कपडे उचलले, कुणाच्या मुलीचा फ्रॉक, कुणाची अर्धी शिवलेली विजार. मशीन हलवायला चार माणसं लागली असती. बाई म्हणाल्या, आता एकालाही आत सोडणार नाही. काकू रस्त्यावर गाठोडं घेऊन उभ्या राहिल्या आणि दाराकडे बघत राहिल्या.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला भिंत कोसळली. धूळ बसली तेव्हा मशीनचं एक चाक तेवढं विटांतून वर दिसत होतं.

मग कौतुक सुरू झालं. इंजिनियरबाईंनी तिघांची पाठ थोपटली. गोग्याचे बाबा म्हणाले, एक जीव वाचवलात रे पोरांनो. गल्लीतल्या आजोबांनी भिंगरीच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "नव्या यंत्राची कमाल आहे."

"याची नाही," भिंगरी म्हणाली. "याने भेग दाखवली आणि मी ती जिंकल्याची खूण समजले. त्याच दिवशी नीट विचारलं असतं, तर मशीन बाहेर आलं असतं. भेग नव्हती हे सांगणारा जुना होता. तो मी घालवला."

आजोबांना काही कळलं नाही. गोग्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. कपाटातली जागा रिकामी होती. तो माणूस परगावचा, दुकानदाराकडे त्याचा पत्ताही नव्हता. परतताना गोग्याच्या घरी जाऊन तिने त्याच्यापुढे आपला कॅमेरा धरला. त्याने तो हातात घेऊन पाहिला, पट्टा नीट केला आणि तिच्या गळ्यात परत घातला.

"याला हात धरता येत नाहीत," तो म्हणाला. "तू शिकव त्याला. मी सांगीन कसं."

दोघांनी मिळून गोग्याने श्वास रोखून घेतलेला तो एक फोटो मोठा छापून घेतला आणि काकूंच्या तात्पुरत्या जागेत, एका अनोळखी खोलीत, नेऊन दिला. त्यात काकूंचे हात होते, सुईखाली सरकणारं कापड होतं, आणि काळं, झिजलेलं, सोनेरी वेलबुट्टीचं मशीन होतं. तीस वर्षांत त्याचा दुसरा फोटो कुणी काढलाच नव्हता.

काकूंनी कागदावरून बोट फिरवलं, जिथून धागा यायचा तिथे थांबवलं. पोटच्या पोरांनी केलं नसतं एवढं केलंत, म्हणाल्या. भिंगरीने मान वर केली नाही.

मग काकू अगदी बारीक आवाजात गुणगुणू लागल्या. पायाखाली पायडल नव्हतं, तरी पाय हलत होता.

घरी येऊन भिंगरीने वकिलाची वही मागितली. "भिंत" या शब्दापुढे रविवारी तिने स्वतःच्या हाताने "नवा" लिहिलं होतं. ते खोडून तिने "जुना" लिहिलं. मग दुसऱ्या नियमातल्या "एकाच वेळी" या शब्दांखाली जाड रेघ ओढली.