कातरण

त्या दुपारी आईने पहिल्याच खेपेला सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघितलंस?"

बघितलं होतं. तिचे हात थरथरायचे थांबले होते.

आई घरीच शिवणकाम करायची. बाबा गेल्यापासून ती झोपेची गोळी घेत होती. त्या गुंगीत एकदा न्हाणीघरात पडली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी सोडवायचं ठरवलं. शरीराला सवय झालेली असते, एकदम बंद केली तर झटके येतात, सावकाश कमी करायची, असं त्यांनी समजावलं.

"हिचे बाबा एकदम गेले," आई म्हणाली, "तेव्हा कुणी सावकाश नाही म्हणालं."

डॉक्टर हसले. मी नाही.

गोळी कापायचं काम तिने मला दिलं नाही. शिवण उसवायच्या ब्लेडने ती कडेचा तुकडा काढायची आणि उरलेली गोळी घ्यायची. डावखुरी होती, त्यामुळे काप नेहमी जरासा तिरका. कापलेला तुकडा बटणांच्या जुन्या डबीत जायचा. फेकून दे म्हटलं तर म्हणायची, "कातरण टाकत नाहीत गं. ठिगळाला लागते."

मधले महिने वाईट गेले. उजेड तिच्या डोळ्यांना टोचायचा. हातातला चमचा ताटावर वाजायचा. शिवणाच्या बंद खोलीत मशीन चालल्यासारखं तिला ऐकू यायचं. गोळी सुटताना असं होतं, ओसरेल, असं डॉक्टर म्हणाले. ओसरलंही.

सुईत दोरा ओवला तो गोळीवाचूनचा पहिला दिवस. जेवून ती आडवी झाली. "बिनगोळीची झोप कशी असते ते उठल्यावर सांगते," म्हणाली.

ती उठली नाही. हृदय थांबलं, गोळी सुटण्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझा त्यावर विश्वास आहे.

उरलेल्या पट्ट्या मी औषधाच्या दुकानात देऊन आले. डबीतली कातरणही दिली. रिकामी डबी पुसून माझ्या कपाटात ठेवली.

मग उजेड मला टोचू लागला. कप बशीवर वाजायचा. एकदा जेवता जेवता बंद खोलीत मशीन चाललं. एक लांब शिवण, एक वळण, मग दोरा तोडायला लागते तेवढी शांतता.

मी डॉक्टरांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठली गोळी घेत होता?"

"कुठलीच नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं.

घरी येऊन मी डबी उघडली. उगाच, तिचा वास येतो का बघायला.

आत गोळी होती. जवळजवळ अख्खी. फक्त कड कापलेली, जराशी तिरकी. काप ताजा होता, झाकणाला पांढरी भुकटी लागली होती.

मी ती घेतली नाही. डबी मिटून ठेवली. कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

सकाळी डबी रिकामी होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आत गोळी असते. उजेड आता टोचत नाही. कप वाजत नाही.

गोळी लहान होत चालली आहे.

आजची बोटाला चिकटली म्हणून कळली.

मी बंद खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत मशीन चालू होतं. शेवटच्या टाक्यांना चालतं तसं, थांबत थांबत. ती होती तेव्हा असलं काही बोलायची आमच्यात रीत नव्हती.

"आई," मी म्हणाले, "सावकाश. मला तुझी सवय आहे."