तिफणीमागची नळी

१९३६ सालच्या पेरणीच्या आदल्या दिवशी माझे वडील, आबा, ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होते. मी अमळनेरच्या मुलींच्या शाळेतून, जिथे मी शिकवते, सुट्टीवर घरी आले होते. शेजारचे लोटननाना जाता जाता थांबले.

"सुकदेव, नव्वद बिघाना मालक तू, नि दोरी वळत बठस?"

"तुना हात रिकामा शे ना? तू वळ."

दोघेही हसले. आबांनी दोरीचं एक टोक तिफणीला बांधलं, दुसरं बांबूच्या एका सुट्या नळीला. तिफणीच्या तीन नळ्यांतून ज्वारी पडते. मागून दोरीवर ओढल्या जाणाऱ्या या चौथ्या नळीतून तूर. तिच्यामागे बाई लागते. नळी उभी धरायची आणि बी सोडत चालायचं.

आमच्या तिफणीमागे पंचवीस वर्षांत कोणी बाई चालली नव्हती. तरी तूर येत होती.

आबा तुरीची पिशवी बांधावर ठेवत. संध्याकाळी ती रिकामी असे. पाखरं किंवा मुंग्या, असं मी एका वर्षी वहीत लिहून ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी रोपं वर आली, एका रेषेत, वितीवितीवर. पाखरं वितीनं पेरत नाहीत. मी ते वाक्य खोडलं, पण त्याजागी दुसरं काही सुचलं नाही.

लोटननानांनी एकदा हीच नळी मागून नेली होती. त्यांच्या वावरात ती हात सोडताच आडवी पडली आणि ढेकळांवर आपटत गेली. आमच्याकडे ती उभी चाले. आबा मागे वळून बघत नसत.

त्या तुरीनं आमचं घर वर काढलं. गावाची ज्वारी करपली त्या सालांतही आमची तूर शेंगांनी वाकलेली असे. दुसऱ्याचे दोन बिघे कसणाऱ्या आबांनी आधी तेच दोन बिघे घेतले, मग विहीर खणली, मग नदीकाठचं वावर, मग सागवानी माडी.

"आबा, नळी कोन धरस?" त्या दिवशी मी शेवटी विचारलं.

"तू पोथ्या वाच, बेटा. वावर माले वाचू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठले नाहीत.

तेरावा झाल्यावर माझ्या धाकट्या भावानं, रुपचंदनं, तिफण धरली. मी बांधावर उभी होते. अर्ध्या वावरात त्यानं बैल थांबवले, कमरेचा विळा काढला.

"अक्का, दोरी कापू?"

"का रे?"

"मांगे कोनी बाई चालस. धापा टाकस." तो मागे बघत नव्हता. "आबा कसं सहन करेत?"

रुपचंदला आई आठवत नाही. ती गेली तेव्हा तो पाळण्यात होता. मी आठ वर्षांची होते. त्या वर्षीच्या पेरणीच्या सकाळी आई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. "आज नळी तू धर, बेटा. माले ताप शे." मी नवी पाटी घेऊन बसले होते. ऐकू आलं होतं. मान वर केली नाही. ती उठून गेली. तिसऱ्या दिवशी ती वारली.

हे मी आबांनाही कधी सांगितलं नाही.

"कापू नको," मी म्हटलं. "हाक बैल."

बैल निघाले. नळी ढेकळांतून उठली आणि उभी राहिली.

मी तिच्यामागे चालू लागले. धाप मलाही ऐकू येत होती. जवळून.

सकाळपासून आभाळ झाकलेलं होतं, ऊन असं पडलंच नव्हतं.

मी हात पुढे केला. बांबू तापलेला होता. माझ्या तळव्याला घाम लागला. तो माझा नव्हता.

"माय," मी म्हणाले, "तू बठ. आज मी धरस."