समोरच्या भिंतीवरचं कार्ड

जिन्याच्या वळणावर तो अक्षरशः माझ्यावर आदळला... आणि माझ्या हातातली सगळी कार्डं पायऱ्यांवर पसरली.

"अहो, डोळे काय खिशात ठेवलेत?"

"पळत तुम्ही होता," म्हणत तो खाली बसून कार्डं गोळा करू लागला. वरच्या मजल्यावरचा नवा वकील. दिसायला भलताच छान, त्यामुळे मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी खालच्या हॉलमध्ये माझं प्रदर्शन होतं. डावीकडच्या भिंतीवर गुलामगिरी बंद करणारी चळवळ, उजवीकडे फाशी बंद करू पाहणारी. दोन्ही चळवळींना विरोधकांनी काय काय सुनावलं, ते या कार्डांवर होतं.

"'ही प्रथा जगाइतकी जुनी आहे.'" त्याने हातातलं कार्ड वाचलं. "हे कुठल्या भिंतीचं?"

"गुलामगिरी... नाही, फाशी. थांबा हं."

"'बंद केलीत तर समाज बुडेल.' आणि हे?"

मीच लिहिलेली कार्डं मलाच ओळखू येईनात! कुठलंही कुठेही चालत होतं. त्यात तो हसत होता, त्यामुळे उरलंसुरलं डोकंही चालेना.

मग त्याने माझ्या पिशवीतून डोकावणारं एक कार्ड ओढलं. 'ज्यांचा माणूस मारला गेला, त्यांनी काय करायचं?'

"ते काढून टाकलंय," मी घाईघाईने म्हणाले. "गुलामांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? ते डावीकडे बसतच नाही. माझी सगळी तुलना मोडते."

त्याचं हसू मावळलं. "माझ्या मामाचा खून झाला. मी फाशीच्या विरुद्ध आहे... आणि आई मला रोज हेच विचारते."

कार्ड माझ्या हातात ठेवून तो निघून गेला. मला राग येत होता की रडू, काही कळेना. त्याच्या आईचा प्रश्न मी पिशवीत कोंबला होता, आणि वर तो मला आवडायला लागला होता!

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. समोरच्या मोकळ्या भिंतीवर ते एकच कार्ड होतं. आईंनी ते मोठ्याने वाचलं.

"याचं उत्तर कुठंय?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "फाशी नको, एवढं वाटतं. पण तुम्हाला काय सांगू, ते..."

"हिला रविवारी घरी आण," त्या मुलाला म्हणाल्या. "मला भांडायचंय हिच्याशी." आणि चालू लागल्या.

माझा चेहरा उतरला. "रागावल्या ना?"

तो अगदी जवळ येऊन कुजबुजला, "अहो, आई फक्त घरच्या माणसांशी भांडते."