सहा स्वच्छ काचा

"चोरी झालीय, आणि चोर कोण तेही मला माहीत आहे," असं म्हणतच ती मुलगी खुर्चीत टेकली.

वहिनींनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. भावजींनी मात्र मनातल्या मनात केस मिटवूनसुद्धा टाकली. वहिनी खाजगी गुप्तहेर आणि भावजी त्यांचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या मदतीला येत, म्हणजे बहुतेक वेळा मध्ये मध्ये येत.

मुलगी पीएचडी करत होती. भाजीच्या कचऱ्यावर माशीच्या अळ्या वाढवायच्या, माश्या उडून गेल्या की कोषांची टरफलं गोळा करायची, त्यांतून पांढरी पूड काढायची. ती व्हिनेगरमध्ये विरघळवून काचेवर पसरली, वाळवली, सोड्याच्या पाण्यातून काढली की पापुद्रा तयार. दिसायला पारदर्शक प्लास्टिक, पण मातीत कुजणारं. काल तिने सहा काचांवरचे सहा पापुद्रे नळाखाली धुऊन रॅकवर निथळत ठेवले होते. उद्या ते परीक्षकांना दाखवायचे. आज बघते तर काचा जागच्या जागी आणि पापुद्रे गायब. पुढची टरफलं मिळायला दोन महिने होते. उद्या हात हलवत गेलं की संपलंच सगळं.

किल्ल्या तिघांकडे होत्या. एक तिच्याकडे, एक सरांकडे आणि एक लंबूकडे. लंबू शेजारच्या टेबलावर काम करणारा, एकेकाळचा जिवलग मित्र. सुट्टीत अळ्यांना खायला कुणी घालायचं यावरून दोघांची जुंपली आणि बोलणं बंद झालं.

तिघं प्रयोगशाळेत गेले. तिथे नळाच्या पाण्याने बरण्यांवर, खिडकीवर, सगळीकडे पांढरे डाग धरले होते. काचा तेवढ्या लखलखीत. वहिनींनी विचारलं, पापुद्रा असताना काच कशी दिसायची? अशीच आरपार, मुलगी म्हणाली. तिला स्वतःलाही कडेला नख लावून बघावं लागायचं.

सर कालपासून बहिणीकडे होते, थेट तिथूनच आले होते. उद्या नाक त्यांचंही कापलं जाणार होतं. लंबू खाली मान घालून बोलत होता. सकाळी सगळ्यांत आधी तोच आला होता. पापुद्रे पाहिलेसुद्धा नाहीत, म्हणाला, तिच्या बाजूला नुसती घासाघाशी केली.

"कुणी सांगितलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"कुणी नाही. उद्या तिचा दिवस आहे ना."

चोराच्या मनात चांदणं, असं पुटपुटत भावजींनी सिंकमधल्या टबात बोट बुडवलं. आत कपड्याच्या खळीसारखं काहीतरी चिकट होतं, वासाला आंबट. शी म्हणून ते टब ओतायला निघाले.

"भावजी, त्याला हात लावू नका," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना टेबलाजवळ बोलावलं.

"चोर काचेसकट नेईल. सहा पापुद्रे न फाडता सोलत बसायला त्याला वेळ कुठला? म्हणजे चोर नाही. आता काचांकडे बघा. इथे धुतलेल्या प्रत्येक वस्तूवर डाग आहेत, काचांवर नाहीत. लंबू, डाग कशाने काढतोस?"

"गरम व्हिनेगरने. टबात बुडवून..." लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. "काचांवर डाग होते. मला त्या रिकाम्या वाटल्या."

मुलगी स्टुलावर बसून रडायला लागली. भावजींना आपण केस केव्हा मिटवली होती ते आठवलं आणि त्यांनी मुकाट्याने बोट पुसलं.

"रडू नकोस," वहिनी तिला म्हणाल्या. "पूड व्हिनेगरमध्ये विरघळते, हे तूच मला सांगितलंस. मग तुझे पापुद्रे आत्ता कुठे आहेत?"

सरांनी टबात काचकांडी घातली, वर उचलली. तिच्यामागून लांब, चकचकीत तार आली. गाळून पुन्हा पसरलं, ओव्हन मंद ठेवला, तर सकाळपर्यंत वाळेल, असं ते हिशोब करत म्हणाले. मग ते एकदम हसले. वापरून झाल्यावर या पापुद्र्याचं काय, हे परीक्षक हमखास विचारतात. कुजवण्यापलीकडे आपल्याकडे उत्तर नव्हतं. आता ते टबात होतं. विरघळवा आणि नवा करा.

मुलगी उठून लंबूसमोर जाऊन उभी राहिली.

"सकाळपासून मी दिसेल त्याला सांगत सुटलेय, की तू चोर आहेस."

"कळलं मला."

"उद्या पुढच्या रांगेत बस. हे कुणामुळे सापडलं ते मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, तुझं नाव घेऊन."

गाळणी शोधतो म्हणून लंबूने पाठ फिरवली, आणि बराच वेळ ती त्याला काही सापडेना.