अळणी पान

झरीचा भागवत माझा जुना सोबती. थापा मारणाऱ्यातला न्हाई, म्हणून सांगतो. तीन सालाखाली त्याला वंशावळीचं खूळ लागलं. त्यांचा मूळपुरुष दर्यावरचा खलाशी, हिकडं येऊन शेतकरी झाला, एवढंच घरात ठाऊक. पुढचं विचारायला सर्वपित्री अमावस्येला जेवणं उरकून तो मोटरसायकलवर ताडकळसला, कासाबाई आत्याकडं गेला.

त्यांच्यात पितरांना पानं वाढताना मूळपुरुषाचं पान अळणी ठेवतात. का, ते कोणी कधी विचारलं न्हाई. त्या दिवशी वाढताना भागवतला त्या मूळपुरुषाची कीव आली. पिढ्यानपिढ्या बिनमिठाचं खायलाय बिचारा. त्यानं गुपचूप चिमूटभर मीठ टाकलं. आपलं अतिशहाणपण, दुसरं काय.

आत्यानं सगळं सांगितलं. गलबत बुडालं, सोबतचे गेले, हा एकटा वाचला. पण दर्या त्याला हाका मारायचा. म्हणून दर्याचा आवाज पोचणार न्हाई इतक्या लांब आला. मीठ सोडलं. मरताना सांगून गेला, की माझ्या पानात मीठ पडलं तर दर्याला हे घर सापडंल, अन् तो माझ्या बदल्यात घरातला माणूस नेईल.

आत्यानं भागवतच्या तोंडाकडं पाहिलं. तिला कळलं.

"तुझा बाप कुठं हाय?"

"रानात, आखाड्यावर. डुकरांपासून पीक राखायला."

"एकलाच?"

भागवत उठलाच.

झरीच्या शिवारात पोचायला रात झाली. मिट्ट काळोख. पाऊस न्हाई, वारा न्हाई. बांधावर गाडी बंद केली... अन् आवाज आला.

पाण्याचा. लांबून यायचं... आपटायचं... माघारी जायचं.

विहिरीचं पाणी असं वाजत न्हाई रे.

आखाड्यावर बापाच्या बाजेखाली वहाणा. उशाला बॅटरी. काठी जागेवर. बाप बन्सीधर न्हाई.

"दादा..." त्यानं बापाला हाक मारली.

पाणी थांबलं. सगळं थांबलं.

मग सोयाबीनच्या पल्याडून कोणी ओ दिली. बापाचाच आवाज. पण लय लांबून... तोंडात पाणी भरल्यावानी.

त्यानं रातभर रान तुडवलं. सकाळी गावानं मोटार लावून विहीर उपसली. तळ लागला. काही न्हाई.

आता भागवत दर सर्वपित्रीला दोन पानं अळणी वाढतो.

ती बाज अजून आखाड्यावर हाय. भर वैशाखात बी तिची सुतळी ओलीच. मी बोट लावून चाखलंय.

खारट.