न सुटलेली शपथ

बन्सीचं तोंड मिटलेलं संगमनेरात कुणी पाहिलं नव्हतं. शिलाई मशीनवर बसला की मशीन अधूनमधून थांबायचं, बन्सी थांबायचा नाही. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता तो त्याच्या भाचीची सोयरीक जुळवून मोकळा व्हायचा. त्याच्या बहिणीचा नवरा रंगनाथ याचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. तो म्हणायचा, आमच्या मेहुण्याचा फोटो काढणं माझ्या हातचं नाही, दर फोटोत तोंड हललेलंच येतं.

या बन्सीला बरोबर घेऊन रंगनाथ एकाहत्तर सालच्या श्रावणात शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगराकडे निघाला. काम तसं साधंच होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे आबासाहेब बेडकांवर पुस्तक लिहीत होते. झाडावर राहणारा हिरवा बेडूक गळ्याची पिशवी फुगवून ओरडतो, त्या क्षणाचा फोटो त्यांना मुखपृष्ठासाठी हवा होता, आणि आत रंगनाथचं नाव छापायचं त्यांनी कबूल केलं होतं. नवरानवरीचे जोडफोटो काढून विटलेल्या रंगनाथला त्या छापील नावानं झपाटलं. त्याची बायको साळूबाई हिला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते. तिला एकटं सोडून जायला तो कचरत होता, पण तिनंच त्याला धाडलं आणि बन्सीला सोबत दिलं. आईबाप गेल्यावर बन्सीला तिनंच पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

रतनगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीत दोघांनी पथारी टाकली. वाडीच्या वर जंगल सुरू व्हायचं. हिरडा-जांभळाची झाडं एकमेकांत अशी गुंतलेली, की भर दुपारी आत संध्याकाळ असायची. खोडाखोडावर शेवाळ, खाली कुजलेल्या पानांचा चिखल, आणि सगळीकडे ओल्या मातीचा, मुळांचा, थोडासा नासल्यासारखा वास. पाऊस थांबला तरी पानांवरून पाणी गळत राहायचं. दिवस कलला की त्या गळण्याच्या आवाजाआडून बेडूक सुरू व्हायचे. कुणी खरखरायचा, कुणी शिट्टी घालायचा, आणि उंच फांदीवर कुणीतरी गारगोटीवर गारगोटी आपटल्यासारखं बोलायचा. रंगनाथला तोच हवा होता.

अडचण एकच होती. माणसाचा आवाज आला की तो बेडूक गप्प व्हायचा, पिशवी आत जायची, आणि पानावर उरायचा एक हिरवा गोळा. बन्सीचा तर आवाज थांबतच नव्हता. दाजी, ह्याचे डोळे आपल्या तलाठ्यावानी हायेत. दाजी, ह्याला झबलं शिवलं तर बाह्या कशा काढायच्या. रंगनाथ आधी हसला, मग चिडला. दोन संध्याकाळी वाया गेल्या, आणि तिसऱ्या संध्याकाळी तो बेडूक अगदी सापडावा तसा सापडला.

ओढ्यानं खडकात खोल रांजणासारखे खळगे कोरले होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या खळग्यावर एक फांदी वाकली होती आणि तिच्या शेवटच्या पानावर बेडूक बसला होता. रंगनाथनं अलीकडच्या काठावर कॅमेरा लावला. त्याचा कॅमेरा वरून खाली काचेत बघण्याचा होता, त्यामुळे समोर बघायचं काम नसायचं. बन्सीला त्यानं पलीकडच्या काठावर बॅटरी धरून उभं केलं, आणि तो काही बोलायच्या आत त्याला अडवलं.

"बन्सी, तुज्या आक्काच्या पोटातल्या लेकराची शपथ हाय तुला. मी 'सुटली' म्हनेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा न्हाई."

बन्सीचा चेहरा एकदम उतरला. "लेकराची कशापायी घालता, दाजी?" तो हळूच म्हणाला. मग त्यानं ओठ घट्ट मिटले. आपल्याकडं शपथ घालणारा विसरून जातो. ज्याला घातली तो मात्र 'सुटली' हा शब्द कानावर पडेपर्यंत तिला बांधलेला असतो. बन्सी अशा गोष्टी पाळणारा होता.

अंधार दाटत आला. बेडूक आधी एकदा बोलला, मग दोनदा. काचेत रंगनाथला त्याचा गळा फुगताना दिसला, मोत्यासारखा, आतून उजेड असल्यासारखा. त्यानं नेम जुळवला. त्याच वेळी पलीकडे शेवाळावरून काहीतरी सरकलं. बॅटरीचा उजेड गेला, आणि खाली पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

रंगनाथनं तो आवाज ऐकला. बन्सीला पोहता येत नाही हेही त्याला ठाऊक होतं. बेडूक दचकून गप्प झाला होता. आता तोंडातून एक शब्द जरी निघाला, तर तो उडी मारून जाणार. बन्सी काठावरच पडला असेल... लागलं असतं तर ओरडला असता... बन्सी काय, साधी मुंगी चावली तरी गाव गोळा करणारा माणूस. रंगनाथ श्वास रोखून उरल्यासुरल्या उजेडात काचेत बघत राहिला. बेडकानं धीर करून पुन्हा गळा फुगवला. फ्लॅशचा पांढरा उजेड पडला. बल्ब बदलून त्यानं आणखी एक फोटो घेतला.

मग त्यानं मान वर केली. पलीकडचा काठ मोकळा होता.

त्यानं हाका मारल्या, शिव्या दिल्या, रडला, पाण्यात हात घालून चाचपडला. वाडीकडं धावत जाऊन माणसं आणली. त्या सगळ्या आरडाओरड्यात तो एक शब्द सोडून बाकी सगळं त्याच्या तोंडून निघालं. सकाळी पुंजारामनं दोर टाकून बन्सीला वर काढलं. ओठ इतके गच्च मिटलेले होते, की तुळशीचं पान ठेवायला म्हाताऱ्या माणसांना बोटानं जोर करावा लागला. सगळ्यांना रंगनाथनं एकच सांगितलं, ओढ्याचा आवाज मोठा होता, मला काही ऐकू आलं नाही. साळूबाईनंही ते मानलं. त्याच्या गळ्यात पडून ती म्हणाली, निदान तुम्ही तरी परत आलात. त्या वेळी आपणच मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

बऱ्याच दिवसांनी त्यानं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली. तांबड्या दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात कागदावर आधी बेडूक उमटला, देखणा, गळा फुगवलेला. मग त्याच्या मागची जागा हळूहळू भरत गेली. खळग्याच्या कडेला बन्सीचं डोकं पाण्याबाहेर होतं. एका हातानं त्यानं मूळ धरलं होतं. दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. डोळे सरळ कॅमेऱ्याकडं होते, वाट बघत असल्यासारखे. दुसऱ्या फोटोत बेडूक तसाच होता, मागं नुसतं मूळ होतं.

दुसरा फोटो त्यानं आबासाहेबांना दिला. पहिला बंबात घातला, निगेटिव्हसकट.

मार्गशीर्षात साळूबाईला मुलगी झाली. पोर रडेना. सुईणीनं पाठीवर थापट्या मारल्या, पाय धरून उलटं केलं. पोर गुलाबी, धडधाकट, श्वास नीट. भूक लागली की डोळ्यांतून पाणी यायचं, हातपाय झाडायची, पण दूध पिण्यापुरते सोडले तर ओठ मिटलेले. मोठ्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि दोष काही नाही म्हणून सांगितलं. साळूबाई पोरीला छातीशी धरून रात्रंदिवस तिच्याशी बोलायची, गाणी म्हणायची, आणि शेवटी स्वतःच रडायची. बन्सी असता तर त्यानं दगडालाही बोलतं केलं असतं, असं ती म्हणायची.

रंगनाथला कळलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं. पोर त्याच्याकडं बघायची ती नजर तान्ह्या लेकराची नव्हती. ती वाट बघणारी होती. एक शब्द टाकला की काम होणार होतं. पण तो शब्द टाकला, की गप्प राहिलेलं तोंड उघडणार, आणि उघडलं की काय बोलणार? दाजी, तुम्ही ऐकलं होतं. या भीतीपोटी त्यानं स्वतःच्या लेकीला मुकी ठेवली. बायकोचे हाल बघत तो जेवत होता, झोपत होता, लग्नाचे फोटो काढत होता. स्वतःची त्याला किळस यायची, तरी जीभ उचलत नव्हती.

बारसं सव्वा महिन्यानं झालं. आत्यानं पोरीच्या कानात कुर्रर्र करून गोजरा हे नाव सांगितलं, पण बायकांचा गलका नेहमीसारखा नव्हता. जी ती घुगऱ्या घेऊन मान खाली घालून निघत होती. साळूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. "माजंच कायतरी चुकलं आसंल," ती कुणाला तरी म्हणत होती. "मीच पापी हाय."

ते रंगनाथला ऐकवेना. तो पाळण्याशी गेला, वाकला, आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटला, "सुटली... बन्सी, सुटली रे."

पोरीनं त्याच्याकडं बघितलं. ओठ सुटे झाले. मग तिनं असा टाहो फोडला, की गल्लीतून गेलेल्या बायका परत आल्या. साळूबाईनं धावत येऊन तिला उचललं. ती हसत होती, रडत होती, नवऱ्याच्या पायाला हात लावत होती. काय मंत्र घातलात, म्हणून सगळ्यांनी रंगनाथला विचारलं.

आता गोजरा वर्षाची होऊन गेली आहे. दिवसभर बडबडत असते, आणि साळूबाई म्हणते, मामाचं वळण घेतलंय. तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता. संध्याकाळी बाप घरात आला तेव्हा त्याच्याकडं बोट करून ती स्पष्ट म्हणाली, "दाजी." घरात सगळे पोट धरून हसले. बापाला कुणी दाजी म्हणतं का, म्हणून शेजारणींनी तिचे मुके घेतले. त्या घरात रंगनाथला दाजी म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि बन्सी गेल्यापासून तो शब्द तिथं कुणी उच्चारलेला नव्हता.

रोज संध्याकाळी ती त्याच्या मांडीवर चढून बसते. त्याच्या तोंडाकडं टक लावून बघते. "दाजी... तु... तुमी..." एवढं जमतं, मग ओठ नुसते हलत राहतात.

"कायतरी सांगायचंय तिला तुमाला," साळूबाई चुलीपासून कौतुकानं म्हणते. "थांबा जरा. बोलंल आता घडाघडा."