शेवंतीचे शेंडे

सुखदेवराव टेप घेऊन मागच्या दारात आले, ते फक्त मोजमाप घ्यायला. बिबवेवाडीतल्या त्या बैठ्या घरामागची बाग काढून फरशी घातली की घराला बरं गिऱ्हाईक मिळेल, असं त्यांच्या मुलीचं, आम्रपालीचं म्हणणं होतं. घर विकून त्यांनी वाघोलीला तिच्याकडे राहायला यायचं. दसऱ्यापर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं, आणि उत्तर ठरल्यासारखंच होतं. त्यांची पत्नी शालनबाई आषाढात गेल्या. त्यांच्यामागं या घरात एकट्यानं करायचं तरी काय?

बाग शालनबाईंची. सुखदेवरावांनी पस्तीस वर्षं कचेरीत घालवली, आणि बागेकडे पाहिलं असेल तर टॉवेल वाळत घालताना. पण त्या दिवशी परतीच्या पावसाची झिमझिम लागली होती आणि टेप हातातच राहिला. तेरड्याच्या बोंडाला त्यांचं बोट लागलं, तसं ते फुटून बी मनगटावर उडालं. विटांवर मऊ शेवाळ धरलं होतं. गुलबक्षीवरच्या कोळ्याच्या जाळ्यात थेंब अडकले होते, आणि कुजक्या पानांचा गोडसर वास सगळीकडे भरून राहिला होता. इतकं देखणं काही आपल्या दाराशी होतं, ती बोलवायची आणि आपण कधी आलो नाही. त्यांना रडू आलं.

डोळे पुसताना पाण्याच्या पिंपाचं झाकण दिसलं. त्यावर शेवंतीचे कोवळे शेंडे ओळीनं मांडले होते. नखानं खुडलेले, ताजे. टोकं सगळी घराकडे. शालनबाई शेंडे नखानंच खुडायच्या, एवढं मात्र त्यांना माहीत होतं.

भिंतीपलीकडे शेजारच्या गोदाबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"गोदाबाई, आमच्या शेवंतीला तुम्ही हात लावलात का?"

"माझ्या कुंड्यांना पाणी घालायला होत नाही मला. तुमच्यात कशाला येऊ?"

दुसऱ्या दिवशी झाकणावर नवी ओळ होती. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, झिमझिमीत त्यांना आवाजही आला. टक... टक... देठ मोडल्याचा. दार उघडलं तर कोणी नव्हतं, नुसती शेवंती हलत होती. सुखदेवरावांना भीती वाटली नाही. उलट तीन महिन्यांत पहिल्यांदा घर भरल्यासारखं वाटलं.

"शालन," ते हळूच म्हणाले, "बाहेर भिजू नकोस. आत ये."

त्या दिवसापासून त्यांनी मागचं दार उघडं ठेवलं. फरशीवाल्याला नको म्हणून कळवलं. रोज पाटावर बसून ते ओली बाग बघत राहत. मुलीला त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "मी इथंच राहतो."

आठ दिवसांनी, रविवारी, आम्रपाली आली. चार वाजताच अंधारून आलं होतं. बापानं सगळं सांगितलं, अगदी लाजत, आणि खिडकीतून पिंप दाखवलं. ती बराच वेळ शेवंतीकडे बघत राहिली.

"बाबा... ही आई नाही."

"अगं, नखानं खुडलेत. तिच्यासारखेच."

"श्रावण सरला की आई शेवंतीला नख लावू द्यायची नाही. कळ्या धरतात म्हणून. मी एकदा खुडलं तर पाठीत धपाटा घातला होता तिनं." तिचा आवाज उतरला. "आता आश्विन चाललाय. सगळ्या कळ्या गेल्यात बघा. यंदा एक फूल येणार नाही. आणि शेंडे ती कुठं मांडत बसायची? तिथंच मातीत टाकायची."

सुखदेवराव खिडकीपासून मागं सरले. पस्तीस वर्षांत एकदा जरी तिच्याजवळ जाऊन बसलो असतो, तर आपली बायको कोणती आणि परकं कोण, एवढं तरी कळलं असतं. आधी त्यांना लाज वाटली. मग भीती.

"मी तिला... आत बोलावलंय."

"तुम्ही आजच माझ्याबरोबर चला. मी बॅग भरते," आम्रपाली म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

सुखदेवराव स्वयंपाकघरात आले. मागचं दार त्यांनी लोटलं, वरची कडी लावली, खालची लावली, आणि हात पुसत वळले.

ओट्यावर, शेगडीच्या बाजूला, शेंड्यांची ओळ होती. देठांतून अजून रस पाझरत होता. टोकं आतल्या खोलीकडे होती.

"आमू," त्यांनी हाक मारली.

आतून उत्तर आलं नाही. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. आणि त्या शांततेत, आतल्या खोलीतून, अगदी हलकेच आलं... टक.